जुना चेनसॉ घ्यायचा का? आधी त्याचा टप्पा ओळखा



पावसाळ्याआधी बांधावरची सुबाभूळ, वाळलेली बाभळ, खोडकिड्याने पोखरलेला आंबा उतरवायचा असतो. नेमकं त्याच सुमारास कुणीतरी सांगतं, "अमक्याकडे जुना कटर आहे. मूळ जर्मन मशीन, असलं लोखंड आता मिळत नाही. निम्म्या पैशात देतोय." नव्या मशीनचा भाव ऐकून आलेला माणूस इथे थबकतो. घ्यावं की नाही?

बहुतेक जण याचं उत्तर कानाने देतात. दोरी ओढली, आवाज खणखणीत आला, सौदा झाला. पण चेनसॉचा शंभरेक वर्षांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ध्यानात येते. या मशीनचं इंजिन आणि चेन फार आधी पक्की झाली. चालवणाऱ्याचा हात आणि जीव वाचवणाऱ्या वस्तू मात्र त्यानंतर पंधरा-वीस वर्षांनी आल्या. त्यामुळे मशीन किती वर्षांचं आहे यापेक्षा ते यातल्या कोणत्या टप्प्याचं आहे, हे आधी कळायला हवं.

दवाखान्यातून जंगलात

चेनसॉची कल्पना जंगलातली नाही, दवाखान्यातली आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी स्कॉटलंडमधल्या जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री या डॉक्टरांनी हाड कापायला एक बारीक दातेरी साखळी वापरात आणली. दोन्ही टोकांना मुठी, आणि हाताने मागेपुढे ओढायची. अडलेल्या बाळंतपणात ओटीपोटाच्या हाडांचा सांधा मोकळा करणं आणि सडलेलं हाड काढणं हे तिचं काम. पुढे १८३० च्या आसपास जर्मनीत बर्नहार्ड हाइने यांनी पट्टीभोवती फिरणारी, हँडलने चालणारी हाडकापी बनवली. आजच्या चेनसॉचा सांगाडा तिच्यात दिसतो.

लाकडासाठी खरं मशीन आलं ते १९२० च्या दशकात. आंद्रेआस स्टिल यांनी १९२६ साली जर्मनीतल्या श्टुटगार्टला विजेवर चालणारा चेनसॉ काढला. १९२७ मध्ये एमिल लेर्प यांनी थुरिंजियातल्या डोलमार नावाच्या डोंगरावर पेट्रोलचं मशीन चालवून दाखवलं, आणि त्या डोंगराचंच नाव कंपनीला पडलं. ते मशीन होतं ५८ किलोचं. स्टिल यांचं १९२९ चं पेट्रोल मशीन ४६ किलोचं. म्हणजे सिमेंटच्या गोणीएवढं वजन दोन गड्यांनी उचलायचं आणि झाडाला लावायचं. "जुनं मशीन म्हणजे दणकट" ही समजूत या काळातली. ते दणकट होतंच, पण एकट्याच्या हातात धरून फांद्या छाटायचं ते मशीन नव्हतं.

अळीने शिकवलेली चेन

दुसऱ्या महायुद्धात जर्मन मशीन अमेरिका-कॅनडाला मिळेनाशी झाली आणि तिथल्या लोकांनी आपापली मशीन बनवायला घेतली. पण अडचण चेनची होती. तेव्हाच्या चेनचे दात हातकरवतीच्या दातांची नक्कल होते. ते लाकूड खरवडायचे, लवकर बोथट व्हायचे, आणि कानस घेऊन बसण्यातच दिवस जायचा.

१९४६ साली ओरेगॉन राज्यातले लाकूडतोडे जो कॉक्स यांनी एका ओंडक्यात भुंग्याची अळी लाकूड पोखरताना पाहिली. ती रेषेच्या आडवं आणि रेषेच्या बाजूने, दोन्हीकडे सारख्याच सहजतेने कापत होती. तिचे जबडे इंग्रजी 'सी' अक्षरासारखे वाकलेले होते आणि ते डावी-उजवीकडे चालायचे. कॉक्स यांनी तो आकार पोलादात उतरवला आणि १९४७ मध्ये चेन विकायला सुरुवात केली. आज तुमच्या-आमच्या मशीनवर जी चेन आहे, तिचं मूळ तिथेच आहे. खोडकिडीला आपण शिव्या घालतो, पण या धंद्यातला मोठा शोध एका किडीकडूनच आला.

खरेदीसाठी यातून धडा असा: चेन आणि बार या झिजणाऱ्या, बदलायच्या वस्तू आहेत. जुन्या मशीनची चेन बोथट आहे म्हणून मशीन नाकारू नका, आणि नवी कोरी चेन टाकून दाखवली म्हणून भुलूही नका. फक्त चेनचा पिच विचारा. बारवर किंवा चेनच्या कडीवर तो कोरलेला असतो. त्या पिचची चेन आणि स्प्रॉकेट तालुक्याच्या गावी मिळतं का, हे आधी बघा. मिळत नसेल तर प्रत्येक चेनसाठी शहर गाठावं लागेल.

एका माणसाच्या हातात

१९४९-५० हा दुसरा मोठा टप्पा. अमेरिकेत मॅक्युलॉक कंपनीने सुमारे ११ किलोचं मशीन काढलं, तर स्टिलने १९५० मध्ये १६ किलोचं, एका माणसाने चालवायचं पेट्रोल मशीन आणलं. १९५९ मध्ये त्यांचं 'कॉन्ट्रा' आलं. वजन १२ किलो, ताकद ६ अश्वशक्ती, आणि मधला गिअर काढून टाकलेला. त्याच वर्षी स्वीडनच्या हुस्कवर्नाने आपला पहिला चेनसॉ विकायला काढला.

हे शक्य झालं त्यात कार्बोरेटरचा मोठा वाटा आहे. आधीच्या कार्बोरेटरमध्ये फ्लोट असायचा, मोटारसायकलसारखा. मशीन आडवं केलं की पेट्रोल उलटसुलट व्हायचं आणि इंजिन बंद पडायचं. त्याऐवजी रबरी पडद्याचा, म्हणजे डायफ्रामचा कार्बोरेटर आला आणि मशीन आडवं, तिरपं, उलटं कसंही धरता येऊ लागलं.

म्हणजे १९६० पर्यंत टू-स्ट्रोक इंजिन, डायफ्राम कार्बोरेटर, थेट क्लचवर फिरणारी चेन, हे सगळं जागेवर बसलं होतं. त्यानंतर वजन कमी झालं, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं, धूर कमी झाला. पण मूळ रचना तीच. म्हणूनच पन्नास वर्षांपूर्वीचं इंजिनही चांगला मिस्त्री आज चालू करून देतो. विकणारा जे दाखवतो ते हेच. आणि तो खोटं बोलत नसतो.

तो जे दाखवत नाही, ते पुढच्या दोन टप्प्यांत आहे.

पांढरी पडणारी बोटं

एकट्याने मशीन दिवसभर धरायला लागल्यावर दहा-पंधरा वर्षांत जंगल कामगारांच्या बोटांत वेगळाच त्रास दिसू लागला. थंडीत बोटांची टोकं पांढरी पडायची, मुंग्या यायच्या, पकड जायची, शर्टाचं बटण लागेनासं व्हायचं. कारण होतं मशीनची थरथर. बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा त्याने खराब होतात, आणि एका हद्दीपलीकडे त्या पुन्हा पूर्ववत होत नाहीत. जपानच्या सरकारी जंगलांत हा त्रास इतका वाढला, की १९७० च्या सुमारास चेनसॉ दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त चालवायचा नाही अशी मर्यादा घालावी लागली. ब्रिटनने १९८५ मध्ये तो कामामुळे होणाऱ्या आजारांच्या सरकारी यादीत घातला.

यावर उपाय म्हणून १९६० च्या दशकाच्या मध्यापासून मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये रबर बसवायला सुरुवात झाली. पुढे काही मशीनमध्ये स्प्रिंगही आल्या. हुस्कवर्नाचं १९६९ चं मशीन याच गोष्टीसाठी ओळखलं जातं. त्याआधीच्या मशीनच्या मुठी थेट इंजिनच्या अंगाला बोल्टने आवळलेल्या असतात.

तुम्ही म्हणाल, आपण कुठे रोज आठ तास झाडं तोडतो? खरं आहे. वर्षातून चार दिवस बांध साफ करणाऱ्याला पांढऱ्या बोटांची फार भीती नाही. पण गावात मशीन एकाकडे येतं आणि मग वीस घरांची कामं तोच करतो. बाग काढायचा हंगाम आला की महिना-महिना त्याच्या हातातून मशीन सुटत नाही. अशा पोराच्या हातात बिनरबराचं मशीन देताना विचार करायला हवा.

ब्रेक आला ते वर्ष

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट.

बारच्या टोकाचा वरचा चतकोर भाग हा या मशीनचा सगळ्यात घातकी कोपरा. कापताना तो भाग दुसऱ्या फांदीला किंवा ओंडक्याला टेकला, तर चेनचा दात तिथे अडतो आणि सगळी ताकद उलटी फिरते. बार वर उसळून माणसाच्या खांद्याकडे, मानेकडे येतो. याला किकबॅक म्हणतात. चेन त्या वेळी सेकंदाला वीसेक मीटरच्या वेगाने फिरत असते. पापणी लवायच्या आत सगळं होऊन जातं. ताकदवान माणूस मशीन दाबून धरेल, हा गैरसमज आहे.

यावर उपाय १९७२-७३ मध्ये बाजारात आला. स्टिल आणि हुस्कवर्ना या दोन्ही कंपन्यांनी साधारण एकाच वेळी चेन ब्रेक दिला. पुढच्या मुठीच्या समोर जो आडवा गार्ड दिसतो तो फक्त हात वाचवायला नाही, तो ब्रेकचा खटका आहे. मशीन उसळलं की मनगट त्याच्यावर आपटतं, पोलादी पट्टा क्लचच्या ड्रमला आवळतो आणि चेन जागच्या जागी थांबते. पुढे त्यात अशी सुधारणा झाली, की हात लागला नाही तरी नुसत्या झटक्याने ब्रेक लागतो. याच काळात तुटलेली चेन अडवणारा बारखालचा आकडा, उजव्या हाताखालचा रुंद गार्ड आणि चुकून रेस दाबली जाऊ नये म्हणून मुठीवरचा दुहेरी खटका, या गोष्टीही रूढ झाल्या.

आपल्या कामाच्या दृष्टीने हे आणखी महत्त्वाचं. उभं सरळ झाड बुंध्यातून कापताना बारचं टोक बहुतेक मोकळं असतं. आपण मात्र जास्त करून फांद्या काढतो, पडलेल्या झाडाचे तुकडे करतो, गुंत्यात बार घालतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि नारळी-पोफळीच्या, आंब्याच्या बागा एकावर एक आडव्या झाल्या. असल्या गुंत्यात टोक कशाला टेकेल याचा भरवसा नसतो. वाकलेलं खोड ताणाखाली असतं ते वेगळंच. किकबॅकला यापेक्षा सोयीची जागा नाही.

मग ०७० चं काय?

जुन्या मशीनचा विषय निघाला की आपल्याकडे ०७० चं नाव येणारच. स्टिलचं हे मशीन १९६८ सालचं. सुमारे १०६ सीसी, बिनाबारचंच दहा किलोच्या वर. मोठ्या खोडाला त्याच्यासारखी ताकद नाही, पार्ट साधे, कुठलाही मिस्त्री खोलतो. म्हणून आशिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, सगळीकडे ते वखारीत आणि जंगलात टिकलं. आज बाजारात त्याच आकड्याची, त्याच रूपाची भरपूर नक्कलही मिळते.

पण साल बघा. १९६८. चेन ब्रेकच्या आधीची रचना. एरवी दिसणाऱ्या ०७० ला ब्रेक नाही आणि रबरी मुठीही नाहीत. ब्रेक निघाल्यावरही आपल्यासारख्या देशांत ते तसंच वर्षानुवर्षं विकलं गेलं. नक्कल मशीन गेल्या वर्षी बनलेलं असलं, तरी ते १९६८ च्याच टप्प्यावर उभं आहे. उलट एखादं वीस वर्षं जुनं, फिक्या रंगाचं, मध्यम आकाराचं मशीन ब्रेक, रबर, आकडा सगळं घेऊन पुढच्या टप्प्यावर असतं. नवं-जुनं ओळखताना आपली गफलत इथे होते.

ओंडका जमिनीवर पक्का बसवून, मोठा बार लावून फळ्या पाडायला अनुभवी माणूस ०७० वापरतो, तो त्याचा विचार. बांधावरच्या फांद्या तोडायला शेतकऱ्याने ते घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

पेट्रोल बदललं, हेही इतिहासातच धरा

जुन्या मशीनवर आणखी एक संकट अलीकडचं आहे, आणि त्याचं मूळ आपल्या उसाच्या फडातही आहे. देशात पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के इथेनॉलचा टप्पा २०२२ मध्ये गाठला गेला, २० टक्क्यांचं पेट्रोल २०२३ पासून पंपांवर येऊ लागलं आणि २०२५ मध्ये ते देशभर पोचलं. इथेनॉलमुळे उसाला गिऱ्हाईक मिळालं, ते चांगलंच. पण चेनसॉ बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या पुस्तिकांत साधारण १० टक्क्यांपर्यंतच्याच इथेनॉलची मुभा दिलेली आढळते, आणि जुन्या मशीनचं रबर तर इथेनॉलचा विचार न करता बनवलेलं आहे.

त्यात तीन गोष्टी होतात. डायफ्राम आणि पेट्रोलची नळी फुगते, कडक होते किंवा चिरते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि मशीन महिनोन्‌महिने पडून राहिलं की टाकीत पाणी खाली बसतं. तिसरं, अशा पेट्रोलवर इंजिनला मिश्रण पातळ मिळतं, इंजिन तापतं, पिस्टनवर ओरखडे पडतात. टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलमधूनच जात असल्याने हे जास्त लागतं.

म्हणून जुनं मशीन घेतलं तर डायफ्राम किट, नळी आणि फिल्टर पहिल्याच दिवशी बदलायचं, हा खर्च किमतीत धरून चाला. कार्बोरेटर जाणकाराकडून जुळवून घ्या. काम संपलं की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

विकणाऱ्याच्या दारात काय बघायचं

१. जायच्या आधी "चालू करून ठेवू नका" असं सांगा. गेल्यावर इंजिनला हात लावा. कोमट असेल तर थंड मशीन सुरू व्हायला त्रास देतं की काय, हा प्रश्न विचारा.

२. इंजिन बंद ठेवून दोरीची मूठ धरून मशीन उचला. कॉम्प्रेशन चांगलं असेल तर ते थांबत थांबत खाली येतं. भसकन खाली गेलं तर पिस्टन-रिंग संपली आहे.

३. सायलेन्सर काढायला लावा. दोन-तीन बोल्टचं काम आहे. आतून पिस्टन दिसतो. उभे ओरखडे असतील तर सौदा तिथेच थांबवा.

४. ब्रेक तपासा. आधी इंजिन बंद ठेवून. ब्रेक मोकळा करा, मशीन ओंडक्यावर सव्वा-दीड फूट उंच धरा, पुढची मूठ सोडा, मागची धरून ठेवा. बारचं टोक ओंडक्यावर आपटलं की झटक्याने ब्रेक लागला पाहिजे. मग मशीन चालू करून, दोन्ही हातांनी घट्ट धरून, पूर्ण रेसवर मनगटाने गार्ड पुढे ढकला. चेन लगेच थांबली पाहिजे. गार्ड तुटलेला, तारेने बांधलेला किंवा काढून टाकलेला असेल, तर ते मशीन पुन्हा १९६० मध्ये गेलं असं समजा.

५. रेस सोडल्यावर चेन फिरता कामा नये. फिरत असेल तर आधी कार्बोरेटर जुळवून बघायला सांगा, तरी थांबली नाही तर क्लच बघावा लागेल.

६. बारचं टोक कोरड्या लाकडाजवळ धरून रेस द्या. लाकडावर ऑइलची रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर ऑइल पंप बघावा लागेल.

७. मुठी हलवून रबर बघा, बारखालचा आकडा आहे का बघा.

८. बिल मागा. बेकायदा तोडीत वापरलेली हत्यारं १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली जप्त होतात. कागद नसलेलं मशीन कुठून आलं, हे आपल्याला माहीत नसतं. आणि झाड आपल्या बांधावरचं असलं तरी साग, आंबा, मोह, चिंच, फणस, खैर अशा झाडांना १९६४ च्या राज्याच्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते, हेही ध्यानात ठेवा.

हिशोब

जुन्याची किंमत, त्यात नवा बार, चेन, स्प्रॉकेट, डायफ्राम किट आणि मिस्त्रीची मजुरी मिळवा. बेरीज त्याच ताकदीच्या नव्या, ब्रेक असलेल्या मशीनच्या निम्म्यापेक्षा फार वर गेली तर नवं परवडतं. निम्म्याच्या आत राहिली, ब्रेक चालतोय, पिस्टन स्वच्छ आहे आणि पार्ट जवळ मिळतात, तर जुनं बिनधास्त घ्या. चांगलं राखलेलं जुनं मशीन अनेक वर्षं साथ देतं.

ब्रेकच नसलेलं मशीन मात्र फुकट मिळालं तरी फांदीतोडीला नको. वर्षातून चारच दिवस काम असेल तर मशीनवाला माणूस रोजाने बोलावणं स्वस्त पडतं, नाहीतर चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एक चांगलं मशीन घ्यावं. आणि मशीनमध्ये वाचलेल्या पैशातून हेल्मेट, डोळ्यांचा चष्मा, कानाचे मफ आणि पायाला चेन अडवणारं कापड आधी घ्यावं.

पिस्टन बदलता येतो, कार्बोरेटर बदलता येतो, चेन तर चहाच्या वेळेत बदलते. ब्रेकची जागाच नसलेल्या मशीनला ब्रेक मागून बसवता येत नाही. पुढच्या वेळी कुणी "मूळ जर्मन लोखंड" म्हणालं, तर आधी पुढच्या मुठीसमोरचा गार्ड हाताने पुढे ढकलून बघा. खट्ट आवाज आला तरच भावाचं बोला.